साखळी क्रियांची असावी, निर्णयांची नव्हे

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांच्या डोक्यात हल्ली एक नियम पक्का बसलेला दिसतो. साखळी तोडायची नाही! बिल्डर वापरून एखादी वस्तू घडवायला घेतली, की टिंबामागून टिंब देत शेवटच्या 'तयार'पर्यंत एका दमात जायचं. मध्येच एखादी अट आली तर? तर तीही साखळीतच कोंबायची. 'इफ' लिहून साखळी थांबवली तर ते म्हणे अडाणीपणाचं लक्षण. आमच्याकडच्या एका खाजगी क्लासच्या नोट्समध्ये तर हे वाक्य चौकटीत छापलेलं मी पाहिलं. हा नियम मला मुळीच मान्य नाही. तो मुलांची विचार करण्याची सवय बिघडवतो असं माझं स्पष्ट मत आहे, आणि का, ते आज जरा सविस्तर सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, जन्मभर मराठी शिकवलेल्या मास्तरला ही उठाठेव कशाला? तर त्याचं कारण साधं आहे. मराठी माध्यमातून दहावी होऊन डिप्लोमाला गेलेली चार-पाच मुलं संध्याकाळी माझ्याकडे येतात. इंग्रजी पुस्तकातली वाक्यं त्यांना उलगडून हवी असतात. ती उलगडता उलगडता मलाही विषय शिकावा लागला, आणि सत्तरी ओलांडल्यावर त्याची गोडी लागली. शिवाय प्रोग्रॅम हा शेवटी वाचायचाच मजकूर असतो. यंत्र काय, कसाही लिहिला तरी वाचेल. नीट लिहायचा तो उद्या त्यावर काम करणाऱ्या माणसासाठी. आणि मजकूर माणसाला कळतो की नाही, हे तपासण्यात माझी उभी हयात गेली आहे.

ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी बिल्डर म्हणजे काय ते सांगतो. आम्हा मिरजकरांना दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. इथे एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे आणि सतारी घडतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगितली जाते, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोरा काही एकदम जन्माला येत नाही. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा निवडायचा, तो कापून आतून साफ करायचा, त्याला गळा आणि दांडी जोडायची, वर तबली बसवायची, नक्षी, रंग, पॉलिश, मग खुंट्या, घोडी, तारा, आणि शेवटी जवारी. प्रत्येक टप्पा वेगळा, पण हातातली वस्तू तीच. टप्प्याटप्प्याने वस्तू घडवून शेवटी 'घ्या, झाला तयार' म्हणून हाती देणारा जो, तो बिल्डर. आता हेच मराठी अक्षरांत प्रोग्रॅमसारखं लिहून पाहू:

तंबोरा = नवी_घडण()
.भोपळा(मोठा)
.दांडी(तूण)
.तारा(4)
.तयार()

दिसायला किती सुटसुटीत! प्रत्येक टप्पा आपलं काम करतो आणि तीच अर्धवट वस्तू पुढच्याच्या हाती देतो, म्हणून टिंब देऊन पुढचं काम लगेच सांगता येतं. मराठीच्या शिक्षकाला हे ओळखीचं वाटल्याशिवाय राहत नाही. 'बंडू उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन शाळेत गेला.' हीच ती साखळी. या '-ऊन' लागलेल्या रूपांना व्याकरणात पूर्वकालवाचक धातुसाधितं म्हणतात. त्यांचा नियम असा, की या सगळ्या क्रियांचा कर्ता सहसा एकच असतो. उठणारा बंडू, धुणारा बंडू, पिणारा बंडू, जाणाराही बंडूच. बिल्डरच्या साखळीचंही तेच तत्त्व आहे. वस्तू एक, क्रिया अनेक, आणि क्रम ठरलेला. तेव्हा साखळीशी माझं भांडण नाही. साखळी छानच आहे.

माझं भांडण आहे ते अटीच्या जागेवरून.

बंडूच्या वाक्यात आता एक अट घालून पाहा. पाऊस असेल तर त्याने छत्री घ्यायची आहे. 'बंडू उठून, तोंड धुऊन, जर पाऊस असला तर छत्री घेऊन आणि नसला तर न घेऊन, चहा पिऊन शाळेत गेला.' सातवीच्या वहीत असलं वाक्य आलं तर मी त्याखाली लाल रेघ मारली असती. अशा वेळी मराठी काय करते? वाक्य थांबवते. 'बंडू उठला, तोंड धुऊन चहा प्यायला. पाऊस असेल तर तो छत्री घेतो. मग शाळेत जातो.' जर-तरला आपण स्वतंत्र वाक्य देतो, मिश्रवाक्य करतो, कारण तिथे क्रिया संपून निर्णय सुरू होतो. वाचणाऱ्याने तिथे क्षणभर थांबावं अशी भाषेचीच अपेक्षा असते. शेकडो वर्षं बोलून बोलून माणसांनी जी सोय शोधून काढली, ती प्रोग्रॅम लिहिताना टाकून का द्यायची?

'अहो, पण पुस्तकातच तसं आहे ना!' असं एक मुलगा मला म्हणाला. पुस्तकात काय आहे ते पाहू या. डिझाइन पॅटर्न्स हा ग्रंथ एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडिस या चौघांनी 1994 साली प्रसिद्ध केला. त्यात 23 पॅटर्न आहेत, आणि बिल्डर हा त्यांतला एक. गंमत अशी, की त्या मूळ बिल्डरमध्ये टिंबांची साखळी नाहीच! तिथल्या चक्रव्यूहाच्या उदाहरणात खोली बांध, दार बांध, या क्रिया काहीही परत देत नाहीत. त्यामुळे त्यांना टिंब जोडून पुढे जाताच येत नाही. प्रत्येक क्रिया वेगळ्या ओळीत लिहिलेली आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्या पुस्तकात बिल्डरबरोबर आणखी एक पात्र आहे, डायरेक्टर. एका विशिष्ट स्वरूपातला मजकूर वाचून तो वेगवेगळ्या स्वरूपांत उतरवायचा, असं उदाहरण दिलं आहे. मजकूर वाचणारा डायरेक्टर एकेक तुकडा उचलतो आणि पाहतो: हे अक्षर आहे का, हा टाइप बदलल्याचा इशारा आहे का, का हा परिच्छेदाचा शेवट आहे? जे असेल त्याप्रमाणे तो बिल्डरला काम सांगतो. म्हणजे निवड करणारा डायरेक्टर आणि काम करणारा बिल्डर. अट डायरेक्टरकडे आहे, आणि ती चारचौघांत उघड उभी आहे. तंबोऱ्याच्या कारखान्यातही निराळं काय असतं? गिऱ्हाईक पुरुष गायक आहे की गायिका, त्यावरून भोपळ्याचं आणि दांडीचं माप ठरतं. हे उस्ताद आधी ठरवतो. दांडी घासणाऱ्याने रंधा हातात घेऊन 'आता ही कोणासाठी बरं?' असं विचारत बसायचं नसतं.

मग साखळी आली कुठून? एरिक इव्हान्स आणि मार्टिन फाउलर यांनी 2005 साली अशा ओघवत्या लेखनाला 'फ्लुएंट इंटरफेस' असं नाव दिलं. आणि जोशुआ ब्लॉक यांच्या इफेक्टिव्ह जावा या पुस्तकाच्या 2008 सालच्या दुसऱ्या आवृत्तीतला बिल्डर लोकप्रिय झाला. ब्लॉक यांची अडचण वेगळी होती. एखाद्या वस्तूला दहा-बारा ऐच्छिक गोष्टी असतील, तर त्या एकाच कंसात ओळीने भरताना कोणता आकडा कशाचा हे कळेनासं होतं. म्हणून प्रत्येकाला नावानिशी वेगळी क्रिया दिली. हवी ती बोलवा, नको ती सोडा. हा उपाय उत्तमच आहे. पण ऐच्छिक गोष्टींसाठी साखळी वापरा, हे एक. गोष्ट हवी की नको याचा निर्णयही साखळीच्या पोटात लपवा, हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही.

आता अट साखळीत कोंबायच्या ज्या तीन युक्त्या मुलांना शिकवतात, त्या एकेक करून तपासू.

पहिली युक्ती: अट कंसात घालायची. 'नक्षी हवी असेल तर वेलबुट्टी, नाही तर नल' असं सगळं एकाच कंसात लिहून नक्षीच्या क्रियेला द्यायचं. नल म्हणजे काहीच नाही. आता नक्षी करणाऱ्याच्या हातात 'काहीच नाही' दिलं तर त्याने काय समजायचं? नक्षी करू नको? आधी केलेली पुसून टाक? की नेहमीची साधी कर? तिन्ही अर्थ निघतात. वाचणाऱ्याला खरा अर्थ कळायला त्या क्रियेच्या पोटात शिरावं लागतं. बाहेरून वाचून अर्थ लागू नये, हा मजकुराचा मोठा दोष आहे.

दुसरी युक्ती: क्रियेलाच अट पुरवायची. समजा, शाळेच्या प्रवेश अर्जाचा प्रोग्रॅम आहे. मुलाला पालक असतील तर त्यांचा फोन नंबर लिहायचा. मुलं लिहितात:

.फोन_जर(पालक_आहेत, पालक.फोन())

वाचताना वाटतं, पालक नसतील तर दुसऱ्या भागाला कोणी हातच लावणार नाही. पण तसं होत नाही! जावासारख्या भाषेत क्रिया सुरू होण्याआधीच कंसातल्या सगळ्या गोष्टींची किंमत काढली जाते. म्हणजे पालक आहेत की नाहीत हे पाहण्याआधीच यंत्र त्यांचा फोन विचारायला जातं, तिथे पालकच नसतात, आणि प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो. अट घातली होती ती नेमकं हेच टाळायला. साधा 'इफ' लिहिला असता तर आतली ओळ चाललीच नसती. म्हणजे जी रचना 'जर'सारखी दिसते ती 'जर'चं काम करत नाही. आणि या प्रोग्रॅमने अडवलेलं मूल कोण, ते पाहा. ज्याच्या मागे आधीच कोणी नाही, ते!

तिसरी युक्ती जास्त शहाणी आहे, म्हणून तिच्याशी नीट वाद घालायला हवा. अटीबरोबर क्रियेचा एक छोटा तुकडा पुरवायचा, आणि अट खरी ठरली तरच तो चालवायचा. पीएचपी भाषेतल्या लारावेल या चौकटीत 'व्हेन' नावाची अशी सोय आहे. दुसऱ्या युक्तीचा दोष इथे राहत नाही, हे मी मान्य करतो. पण हिचा उपयोग कसा होतो ते बघा. समजा, निकालपत्रकातून विद्यार्थ्यांची यादी काढायची आहे. गुणांचा रकाना भरला असेल तर त्या गुणांची मुलं दाखवायची, रिकामा सोडला असेल तर सगळी दाखवायची. लिहिणारा सहज लिहून जातो: 'व्हेन गुण'. पीएचपीमध्ये शून्य हा आकडा अटीच्या जागी ठेवला की तो 'खोटा' धरला जातो. आता शिक्षकांनी रकान्यात शून्य लिहिलं. शून्य गुण मिळालेली मुलं कोण, त्यांना आधी हाताशी धरावं, म्हणून. यंत्राने काय केलं? अट खोटी समजून तो टप्पा गुपचूप गाळला आणि सगळ्या वर्गाची यादी समोर ठेवली. कुठे चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. ज्या दोन मुलांना शोधायचं होतं ती साठ जणांत हरवली.

शून्य आणि गैरहजर यांतला फरक शाळेतल्या शिपायालाही ठाऊक असतो. निकालपत्रकात एकाला '0' लिहितात आणि दुसऱ्याला 'गै.ह.'. शून्य मिळवणारा मुलगा परीक्षेला बसला होता हो! त्याला 'काहीच नाही'मध्ये ढकलणं हा केवळ हिशेबाचा घोटाळा नाही.

यावर समोरची बाजू म्हणेल, 'सर, साध्या इफमध्येही शून्य खोटंच ठरतं. मग फरक काय पडला?' प्रश्न योग्य आहे. भाषेचा तो गुण 'इफ'ने बदलत नाही. फरक पडतो तो वाचणाऱ्यात. 'जर गुण' एवढंच वेगळ्या ओळीवर, डावीकडच्या समासाला लागून उभं असलं, की वाचणारा तिथे अडखळतो. 'जर गुण... काय? गुण काय असतील तर?' असा प्रश्न त्याच्या मनात येतो. तीच अट आठ टिंबांच्या साखळीत पाचव्या जागी असली, की डोळा तिला आणखी एक कडी समजून पुढे सरकतो. वह्या तपासणाऱ्या कोणालाही विचारा. सुबक अक्षरातली चूक सर्वांत उशिरा सापडते.

समोरच्या बाजूचा दुसरा मुद्दा खरोखर वजनदार आहे, तोही सांगतो. काही बिल्डर मूळ वस्तू बदलत नाहीत, प्रत्येक टप्प्यावर नवी प्रत काढून देतात. पायथनच्या जँगोमध्ये माहिती गाळून घेण्याची साखळी अशीच आहे. तिथे साखळी तोडून 'इफ'च्या आत नुसती क्रिया लिहिली आणि मिळालेली प्रत परत नावात साठवली नाही, तर ती क्रिया वाया जाते. अखंड साखळीत असं होत नाही. मान्य! पण यावरचा उपाय काय? परत मिळालेली गोष्ट हातात धरायला शिकवणं. दुकानदाराने मोड परत दिली तर ती खिशात ठेवायची असते, हे मुलाला एकदा समजावता येतं. मोड घ्यायला विसरेल म्हणून त्याला कायम उधारीवर खरेदी करायला लावणं हा काही उपाय झाला नाही.

मग लिहायचं कसं? माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी दोन रीती सांगतो. पहिली, निर्णय आधी आणि साखळी नंतर. वर एकेका ओळीत ठरवून, नाव देऊन मोकळं व्हायचं: माप कोणतं, लाकूड कोणतं, तारा किती. मग खाली सरळ साखळी, तिच्यात एकही 'जर' नाही. दुसरी रीत, जिथे एखादा टप्पाच असेल किंवा नसेल, तिथे बेधडक थांबायचं:

घडण = नवी_घडण().भोपळा(माप).दांडी(तूण)
जर नक्षी_हवी असेल तर:
    घडण = घडण.नक्षी(वेलबुट्टी)
तंबोरा = घडण.तारा(4).तयार()

यात कुठली अप्रतिष्ठा झाली? चार ओळींत किती निर्णय आहेत असं विचारलं तर पोरगं बोट ठेवून सांगेल, एक. आणि साखळीचे दोन तुकडे झाले तरी दोन्ही सुखाने वाचता येतात. शेवटच्या 'तयार'मध्ये मात्र तपासणी हवीच. घोडी नसताना तारा चढवल्या असतील तर तिथे ठणकावून 'नाही' म्हटलं पाहिजे. अर्धवट तंबोरा गिऱ्हाइकाच्या हाती देणारा कारागीर आमच्या गावात फार दिवस टिकला नसता.

तिसरीही एक गोष्ट आहे, ती रीत कमी आणि विवेक जास्त. काही अटी घडवण्याच्या वेळच्या नसतातच. तंबोऱ्याची पहिली तार बहुधा पंचमात लावतात. पण मालकंसात पंचम नाही, म्हणून तिथे ती मध्यमात लावतात. आता हा निर्णय कारागिराने करायचा का? 'मालकंस असेल तर मध्यम' अशी अट त्याने तंबोऱ्यात ठोकून बसवायची का? तो खुंटी देतो, आणि मैफलीत बसल्यावर गायक ती पिळतो. प्रोग्रॅममध्येही निम्म्या अटी अशाच चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाने घेतलेल्या निर्णयांच्या असतात. त्यांना उघड्यावर आणलं, तरच 'ही इथे हवी का?' असा प्रश्न कोणी विचारेल. साखळीत दडलेल्या अटीला असे प्रश्न कोणी विचारत नाही.

माझ्या दृष्टीने यातलं सगळ्यात मोठं नुकसान यंत्राचं होत नाही, ते मुलांचं होतं. मराठी माध्यमातून आलेलं मूल आधीच इंग्रजीपुढे दबून असतं. त्याला 'चांगला कोड असा दिसतो' असं सांगितलं, की ते त्या दिसण्याची नक्कल करतं. टिंबं ओळीत आली की त्याला वाटतं, जमलं! इथे निर्णय कोण घेतंय, कोणत्या माहितीवर, आणि माहितीच नसेल तर काय, हे प्रश्न त्याला पडेनासे होतात. हेच मूल उद्या दवाखान्याच्या बिलाचा, शिष्यवृत्तीच्या यादीचा किंवा पेन्शनचा प्रोग्रॅम लिहिणार आहे. तिथल्या प्रत्येक 'जर'च्या पलीकडे एक माणूस रांगेत उभा असेल. तो 'जर' लिहिणाऱ्याला स्वतःला तरी स्पष्ट दिसला पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे.

तेव्हा शिकवणाऱ्यांना नम्र विनंती, की 'साखळी तोडू नये' ही चौकट पुसा. त्या जागी मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा: ही ओळ काम करते आहे, की ठरवते आहे? करत असेल तर खुशाल साखळीत ओवा. ठरवत असेल तर तिला स्वतःची ओळ द्या, पुढे-मागे मोकळी जागा द्या, आणि वाचणाऱ्याला तिथे थांबू द्या.